दुर्बीण आणि वर्ग यांमधील अंतर

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले की पंचवीस-तीस किलोमीटरवर होसकोटे लागते. कन्नडमध्ये 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे किल्ला. मराठी माणसाला हे गाव अगदीच परके वाटू नये. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतल्यावर शहाजीराजांकडे जी जहागीर आली, तीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्याबरोबर होसकोटेही होते. पुढे ऑगस्ट १७६८ मध्ये हैदरअलीने गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर रात्रीचा हल्ला चढविला, तोही येथेच. आज या परिसरात कारखाने व गोदामे आहेत आणि महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली बरीच कुटुंबेही आहेत.

याच होसकोट्याहून शिडलघट्टा रस्त्याने पुढे गेले की इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅस्ट्रोफिजिक्स या केंद्र शासनाच्या संस्थेचे 'क्रेस्ट' हे संकुल आहे. लडाखमध्ये हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, या संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. तिला पहिला प्रकाश सप्टेंबर २००० मध्ये मिळाला आणि २००१ पासून ती उपग्रहाच्या दुव्यावरून होसकोट्यातून चालविली जाते. दुर्बीण आणि तिला चालविणारा माणूस यांच्यामध्ये सरळ रेषेत सुमारे बावीसशे किलोमीटरचे अंतर आहे. २०१५ च्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीची जुळणी येथेच झाली. २ सप्टेंबर २०२३ रोजी सूर्याकडे निघालेल्या आदित्य-एल१ वरील मुख्य उपकरणही येथेच जुळविले आणि तपासले गेले.

मी केंद्र शासनाच्या सेवेतील अधिकारी, शिक्षणाने अर्थशास्त्राचा एम.ए. भौतिकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही मे-जून महिने आले की बंगळूर परिसरातील मराठी कुटुंबांकडून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: मुलीला किंवा मुलाला भौतिकशास्त्रात पदवी घ्यायची आहे, कोणते विद्यापीठ निवडावे? सरकारी माणसाला हे ठाऊक असणार, अशी एक भाबडी समजूत या प्रश्नामागे असते. मध्यंतरी होसकोट्याजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी हाच प्रश्न जरा वेगळ्या रीतीने विचारला. त्यांची कन्या बारावीत होती. घरापासून चार-पाच किलोमीटरवर एवढी मोठी संस्था आहे, तर तिथेच तिला बी.एस्सी. का करता येऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते.

उत्तर एका वाक्याचे आहे. त्या संस्थेत पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत, बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम नाही. परंतु 'का नाही' याचे उत्तर एका वाक्यात मावत नाही. त्यासाठी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते. ते उत्तर कळल्याशिवाय विद्यापीठाची निवडही डोळसपणे करता येत नाही, असे माझे मत झाले आहे.

विद्यापीठाआधीचे विज्ञान

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. विज्ञानाचे अध्यापन त्याच्या आधीपासून होत होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली होती. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर ऑर्लिबार यांच्याकडे या वेधशाळेचीही जबाबदारी होती. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवीत आणि कुलाब्याच्या वेधशाळेचेही काम पाहत. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे वयाच्या विशीच्या आतच या वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागले. तिथे त्यांनी चुंबकीय आणि हवामानविषयक निरीक्षणे केली आणि पुढे पुण्यात गणित व सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नाव मिळविले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी.

छत्र्यांजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, कारण पदवी देणारे विद्यापीठच तेव्हा नव्हते. परंतु त्यांना रोज हाताळायला उपकरण मिळाले होते, आणि त्यांचे शिक्षण त्या उपकरणापाशीच झाले. संख्येने हे फार थोड्यांच्या वाट्याला आले हे खरे. पण शिकविणारा माणूस आणि निरीक्षण करणारा माणूस एकच असावा, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईत सहज घडत होती.

विद्यापीठ म्हणजे परीक्षा

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे १८५७ मध्ये विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्यासमोर नमुना होता लंडन विद्यापीठाचा. १८३६ मध्ये सनद मिळालेले ते विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेई आणि पदव्या देई, शिकविण्याचे काम महाविद्यालये करीत. आपल्याकडे हीच रचना आली. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावा, प्रश्नपत्रिका काढावी, पदवीदान करावे आणि संलग्न महाविद्यालयांनी शिकवावे, असे ठरले.

प्रशासकाच्या दृष्टीने या रचनेत मोठी सोय होती. थोड्या पैशात विस्तीर्ण प्रदेशावर एक समान मापदंड लावता येत होता. धारवाडचा, पुण्याचा आणि कराचीचा विद्यार्थी एकाच परीक्षेला बसत होता. सरकारी नोकरीसाठी माणसे निवडायची तर असे मापदंड लागतातच. मात्र या रचनेत प्रयोगशाळा कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. विद्यापीठाकडे विद्यार्थी नव्हते, महाविद्यालयांकडे पैसे नव्हते. पुढे लंडनने आपली रचना बदलली. १८९८ च्या कायद्याने ते अध्यापन करणारे विद्यापीठ झाले. भारतातही १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना प्राध्यापक नेमण्याची आणि प्रयोगशाळा उभारण्याची मुभा दिली. परंतु तोवर पन्नास वर्षांची सवय हाडीमांसी खिळली होती. आजही 'कोणते विद्यापीठ?' असे आपण विचारतो तेव्हा बहुतेक वेळा आपण केवळ 'परीक्षा कोण घेणार?' एवढेच विचारीत असतो.

पुण्याची वेधशाळा

या इतिहासातील मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग पुण्यात घडला. कावसजी दादाभाई नायगामवाला हे एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी, पुढे तेथेच प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यापक. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये त्यांच्या वर्णपटशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगामवाला इंग्लंडला जाऊन तेथील खगोलशास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन आले. प्रयोगशाळेच्या योजनेची वेधशाळा झाली आणि ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये उभी राहिली. तेथील वीस इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती.

जी देशातील सर्वांत मोठी दुर्बीण, ती एका महाविद्यालयाच्या आवारात, शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या ताब्यात होती, हे लक्षात घ्यावे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची निरीक्षणे नायगामवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून केली आणि त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

१९११ मध्ये कॉलेज ऑफ सायन्सचे नाव बदलून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले. त्यांच्या निवृत्तीबरोबर महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे १८९९ पासून चालू असलेल्या कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेकडे गेली.

हिशेबाच्या वहीत हा निर्णय निर्दोष दिसतो. उपकरणे भंगारात गेली नाहीत, ती अधिक उंचीवरच्या, अधिक स्वच्छ आकाशाखालच्या आणि पूर्णवेळ शास्त्रज्ञ असलेल्या ठिकाणी गेली. दोन ठिकाणचा खर्च एका ठिकाणी आला. माझ्यासमोर असा प्रस्ताव आला असता तर त्यावर आक्षेप घेण्याजोगे काय सापडले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आक्षेप एवढाच, की पुण्यातील विद्यार्थी हा लाभार्थी कोणत्याही रकान्यात दाखविलेला नव्हता. दुर्बिणीची किंमत रुपयांत मांडता येते. तिच्या सान्निध्यात एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनात जे घडते, त्याला लेखाशीर्ष नसते.

पुढे कोडाईकनालची वेधशाळा १९७१ मध्ये स्वायत्त संस्था झाली. तीच आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅस्ट्रोफिजिक्स, आणि होसकोट्याचे संकुल तिचेच. म्हणजे पुण्याच्या महाविद्यालयातून निघालेली दुर्बीण ज्या संस्थेच्या पूर्वसंस्थेत गेली, त्याच संस्थेच्या दाराशी आज एक मराठी वडील मुलीच्या बी.एस्सी.ची चौकशी करीत आहेत.

बंगळूरचे दार

जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ मध्ये बंगळूरला भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. म्हैसूर दरबाराने तिला ३७१ एकर जमीन दिली. ही संस्था आरंभापासून पदव्युत्तर संशोधनासाठीच होती. त्यात गैर काही नव्हते, देशात तशी दुसरी संस्था नव्हती. पण त्यामुळे एक पायंडा पडला: पदवीपर्यंतचे शिक्षण एकीकडे, संशोधन दुसरीकडे, आणि मधे एक दार.

ते दार किती अरुंद होते हे कमला भागवत यांच्या उदाहरणावरून कळते. दुर्गा भागवतांच्या या धाकट्या भगिनी. १९३३ मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज केला. वडील आणि चुलते दोघेही याच संस्थेत शिकलेले. तरीही संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. त्या स्वतः जाऊन ठाम राहिल्या, तेव्हा वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर त्यांना घेतले गेले. त्यांचे काम पाहून रामन यांचा विरोध मावळला. १९३९ मध्ये केम्ब्रिजची पीएच.डी. मिळविलेल्या या कमलाबाई सोहोनी पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. मुलीसाठी विद्यापीठ शोधणाऱ्या पालकांनी ही हकीकत तिला जरूर सांगावी.

गंमत अशी की रामन स्वतः मोकळ्या दारातून आत आलेले होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकताना त्यांना प्रयोगशाळेत मोकळीक मिळाली आणि १९०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा पहिला शोधनिबंध इंग्लंडच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापून आला. उपकरण साधे महाविद्यालयीन वर्णपटमापीच होते. १९०७ मध्ये ते वित्त विभागात अधिकारी झाले आणि कलकत्त्याला कचेरीच्या वेळेआधी व नंतर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेत काम करू लागले. दहा वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठाचे प्राध्यापकपद पत्करले. आम्हा सरकारी नोकरांना हा तपशील थोडा बोचतो. असो. १९२८ च्या आपल्या शोधाची सविस्तर मांडणी त्यांनी १६ मार्च रोजी केली, ती बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात, म्हणजे जिथे पदवीचे विद्यार्थी शिकत त्या वास्तूत.

स्वातंत्र्यानंतरची फारकत

टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला गेली. होमी भाभांनी देशभरातून माणसे गोळा केली. त्यांत एक होते दामोदर धर्मानंद कोसंबी, तोवर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे. संस्थेला एक थोर गणिती मिळाला आणि फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यांचा एक शिक्षक गेला. पुढील काही दशकांत अणुऊर्जा, अवकाश आणि औद्योगिक संशोधन यांच्या प्रयोगशाळा देशभर उभ्या राहिल्या. त्यांनी जे काम केले त्याचा अभिमान वाटावा. परंतु हे सारे विद्यापीठांच्या भिंतीबाहेर झाले. संशोधन विद्यापीठांतच वाढले पाहिजे, असे मेघनाद साहा आग्रहाने सांगत होते. त्यांचे मत मागे पडले.

माझ्या विषयातील एक कल्पना येथे उपयोगी पडेल. काही वस्तू जोडीनेच निपजतात. अर्थशास्त्रात याला संयुक्त उत्पादन म्हणतात. कापसातून रुई निघते आणि सरकीही निघते, कोणाला किती खर्च लागला हे वेगळे काढता येत नाही. संशोधन आणि अध्यापन यांचे नाते असे आहे. आपण रुईचा कारखाना वेगळा काढला, तो चांगला चालविला, आणि सरकीकडे दुर्लक्ष केले. पण पुढच्या हंगामाचे बियाणे सरकीच असते.

तरीही या रचनेतून माणसे घडली, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. जयंत नारळीकर १९५७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातून बी.एस्सी. झाले आणि मग केम्ब्रिजला गेले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर, कोल्हापूरचे, मुंबईत व केम्ब्रिजला शिकलेले, १९३२ पासून बनारसला गणित शिकवीत होते आणि सापेक्षतासिद्धांतावर संशोधनही करीत होते. त्या विद्यापीठाचे नाव मोठे होतेच. पण तिथे शिकविणारा आणि शोधणारा माणूस एकच होता, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

पुन्हा जोडण्याचे प्रयत्न

तुटलेले सांधण्याचे पहिले मोठे प्रशासकीय पाऊल १९८४ मध्ये पडले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अनेक विद्यापीठांना सामायिक अशी केंद्रे स्थापन करण्याची तरतूद झाली. तिच्या आधारे १९८८ मध्ये पुण्याला गणेशखिंडीत 'आयुका' उभी राहिली. तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकरच. महाविद्यालयातील शिक्षकाने येथे यावे, उपकरण व ग्रंथालय वापरावे आणि परत जाऊन आपल्या वर्गाला शिकवावे, ही त्यामागील कल्पना. २००६ मध्ये आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे आयुकाची दोन मीटरची दुर्बीण सुरू झाली. पुण्याला महाविद्यालयीन जगाशी जोडलेली मोठी दुर्बीण पुन्हा मिळण्यास १९१२ नंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली.

त्याच २००६ मध्ये पुणे आणि कोलकाता येथे 'आयसर' संस्था सुरू झाल्या. बारावीनंतर विद्यार्थी घेणाऱ्या, पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम चालविणाऱ्या आणि त्याच छताखाली संशोधन करणाऱ्या अशा संस्था आज सात आहेत. २००७ मध्ये भुवनेश्वरला 'नायसर' आणि मुंबईत कालिना संकुलात मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभागाचे संयुक्त केंद्र सुरू झाले. आणि २०११ मध्ये, स्थापनेनंतर १०२ वर्षांनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू करून बारावीच्या विद्यार्थ्यांना दार उघडले.

मग निवड कशी करावी

येथपर्यंतचा इतिहास ध्यानात घेतला तर प्रश्न बदलतो. विद्यापीठाच्या नावापेक्षा वर्ग आणि उपकरण यांमधील अंतर मोजावे. आयसर, नायसर, कालिन्याचे केंद्र किंवा विज्ञान संस्था येथे प्रवेश मिळाला तर फार विचार करण्याचे कारण नाही. तिथे हे अंतर मुळातच कमी आहे. त्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगवेगळ्या आहेत आणि नियम बदलत असतात, म्हणून अकरावीतच त्या त्या संस्थेची अधिकृत माहिती पाहून ठेवावी.

परंतु या संस्थांतील जागा थोड्या आहेत. बहुसंख्य मुले संलग्न किंवा स्वायत्त महाविद्यालयातच शिकणार. तिथे प्रवेश मिळाला नाही म्हणून 'आता भौतिकशास्त्र सोड आणि जिथे मिळेल तिथे अभियांत्रिकी घे' असे म्हणणारे पालक मला दर वर्षी भेटतात. हा निष्कर्ष मला मान्य नाही. अशा पालकांना मी पुढील चौकश्या करावयास सांगतो.

१. शिकविणारे कोण? भौतिकशास्त्र विभागात कायमस्वरूपी शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? कर्नाटकात हाच प्रश्न अतिथी व्याख्यात्यांविषयी विचारावा. दर वर्षी बदलणारा शिक्षक कितीही हुशार असला तरी विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी तीन वर्षे धरून ठेवू शकत नाही.

२. प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी. माहितीपत्रकातील छायाचित्रावर जाऊ नये. एका उपकरणावर किती विद्यार्थी असतात? तिसऱ्या वर्षी स्वतंत्र प्रकल्प असतो का? प्रयोग करून घेतात, की केवळ जर्नल पुरे करून घेतात? हा शेवटचा प्रश्न प्राध्यापकांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावा.

३. विषयांची जोडणी कशी आहे? महाराष्ट्रात पारंपरिक बी.एस्सी.मध्ये तिसऱ्या वर्षी एकाच विषयावर भर असे. बंगळूरकडे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असे तीन विषय बरोबरीने शिकण्याची जुनी पद्धत आहे. दोन्हींत गुण आहेत. मात्र ज्याला भौतिकशास्त्रात पुढे जायचे त्याच्या जोडणीत गणित असलेच पाहिजे.

४. वर्षे किती? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी आली. कर्नाटकाने ती २०२१ मध्ये स्वीकारली आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. महाराष्ट्राने चार वर्षांच्या पदवीची रचना स्वीकारली आहे. बदली होणाऱ्या नोकरीतील पालकांनी हा फरक विशेष लक्षात ठेवावा, कारण मधेच राज्य बदलले तर वर्षांचा मेळ बसविताना विद्यार्थ्याची दमछाक होते.

५. महाविद्यालयाबाहेर काय आहे? बंगळूरमध्ये विज्ञान संस्था, रामन संशोधन संस्था आणि कोरमंगल येथील खगोलभौतिकी संस्था यांची व्याख्याने होत असतात. येथील नेहरू तारांगणाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाच्या वेळेबाहेर भौतिकशास्त्राचे वर्ग चालविण्याची परंपरा निर्माण केली आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, पुण्यात आयुका आहे. देशातील तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, ती पदवीच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही मिळू शकते. सामान्य महाविद्यालय आणि त्याच्या जवळ उघड्या दाराची संस्था हा संयोग पुष्कळदा दूरच्या नामांकित महाविद्यालयापेक्षा हितकारक ठरतो.

परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठीही मापदंड हाच. इंग्लंडमध्ये पदवी साधारणतः तीन वर्षांची आणि विषय अर्ज करतानाच ठरवावा लागतो. स्कॉटलंडमध्ये व अमेरिकेत ती चार वर्षांची आणि अमेरिकेत विषय पुढे निश्चित करण्याची मोकळीक असते. ज्या मुलाचे मन अजून ठरलेले नाही त्याला ही मोकळीक मोलाची आहे. मात्र तिथेही पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत कोण उभे राहू देते, हे विचारल्याशिवाय केवळ क्रमवारीच्या यादीवर विसंबू नये.

होसकोट्याच्या त्या कन्येला मी जो सल्ला दिला तो याच तत्त्वावर होता. आयसरच्या परीक्षेला बसावे. यश आले तर पुणे किंवा तिरुपती. न आले तर बंगळूर शहरातील असे महाविद्यालय घ्यावे, जिथे कायम शिक्षक आहेत, गणिताची जोड आहे आणि तारांगणाचे वर्ग गाठता येतात. घराजवळचे वसतिगृह की दूरचे शहर हा प्रश्न त्यानंतरचा. आई-वडिलांना मुलगी जवळ राहावी असे वाटत होते, मुलीला पुण्याचे आकर्षण होते. त्या वादात मी पडलो नाही.

शासनाने करावयाचे काम

पालकांना सल्ला देऊन शासनाची जबाबदारी संपत नाही. प्रत्येक तालुक्यात आयसर काढता येणार नाही आणि काढूही नये. परंतु ज्या संस्था लोकांच्या पैशांतून उभ्या आहेत त्यांच्या आसपासच्या पन्नास किलोमीटरमधील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी वर्षातले काही दिवस आणि उपकरणांचे काही तास राखून ठेवणे हे अजिबात अशक्य नाही. खुला दिवस साजरा करून, तीन हजार मुलांना रांगेने फिरवून हे साधत नाही. वीस विद्यार्थी, एक शिक्षक, पाच शनिवार आणि शेवटी विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेल्या आकड्यांची एक वही, एवढे पुरे. त्यासाठी नवे पद लागत नाही, नवी इमारत लागत नाही. लागते ते एवढेच, की संस्थेच्या वार्षिक अहवालात शोधनिबंध आणि पेटंटे यांच्या शेजारी 'पदवीच्या विद्यार्थ्यांना दिलेले तास' असा एक रकाना असावा आणि मंत्रालयाने तो दर वर्षी वाचावा. जे रकान्यात असते तेच आमच्याकडे घडते, हा तीस वर्षांच्या सेवेतील माझा अनुभव आहे.

१९१२ मध्ये असा रकाना असता तर पुण्याची दुर्बीण कदाचित कोडाईकनालला गेलीही असती, कारण आकाश तिथले अधिक चांगले होते. पण जाण्यापूर्वी कोणीतरी विचारले असते की तिच्या जागी विद्यार्थ्यांना काय देणार. आता तर दुर्बीण विद्यार्थ्याच्या गावी असण्याचीही गरज उरलेली नाही. बावीसशे किलोमीटरवरची दुर्बीण जर होसकोट्याच्या खोलीतून चालते, तर त्या खोलीपासून चार-पाच किलोमीटरवर राहणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत तिने टिपलेला एका रात्रीचा प्रकाश पोहोचविणे तंत्रज्ञानाला जड नाही. ते काम प्रशासनाचे आहे.